पेडव्यांपुढची मोकळी जागा

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, तेव्हा त्यांच्यात मीही आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. प्रणाली मालंडकर माझी विद्यार्थिनी. ती देवबागची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, ते देवबाग. दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत गावी जाऊन तिने एक साधं आणि खरं काम केलं. तिच्या वडिलांच्या रापणीत कोणती मासळी येते आणि ती केवढी असते, ते तिने किनाऱ्यावर बसून मोजलं. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी माणसांनी ओढायचं लांबच लांब जाळं. परत आल्यावर तिने मला तक्ता दाखवला. डावीकडे मालवणी नाव, उजवीकडे शास्त्रीय नाव. एका ओळीत डावीकडे 'पेडवे' लिहिलं होतं आणि उजवीकडची जागा मोकळी होती.

"ही का सोडलीस?"

"सर, आम्ही ज्यांना पेडवे म्हणतो त्यांत दोन-तीन जाती असाव्यात. खात्री नाही. अजून एक हंगाम बघते."

अजून एक हंगाम थांबायची माझी तयारी नव्हती. महाविद्यालयाची तपासणी तोंडावर आली होती. 'पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रकाशित शोधनिबंध' या मथळ्याखाली आमच्या विभागाचं शून्य होतं आणि प्राचार्य ते शून्य रोज मला ऐकवत होते. मी ती मोकळी जागा भरली. पेडवा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तिने मोजलेली लांबी पाहिली, पुस्तकातलं चित्र पाहिलं, मासा बारका आहे एवढं पाहिलं आणि इंग्रजीत लिहून टाकलं, 'तारली माशाची पिल्लं'. शुल्क भरलं की काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकाकडे निबंध पाठवला. पहिलं नाव माझं, दुसरं विभागप्रमुखांचं, तिसरं प्रणालीचं. तिला दाखवला तो छापून आल्यावर.

तिचा फोन आला. "सर, पेडव्यांचं चुकलंय."

मी हसून म्हणालो, "पेडवे कसले घेऊन बसलीस? दुसऱ्या वर्षाला पेपर आलाय तुझा. पेढे वाट."

त्या विनोदावर मी बरेच दिवस खूश होतो. पुढे ती पदवी घेऊन गावी गेली. पुढचं शिक्षण तिने घेतलं नाही, असं कानावर आलं. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. मी तिसऱ्यांदा केला नाही.

मालवण

यंदाच्या थंडीत मला मालवणहून आमंत्रण आलं. शालेय विद्यार्थ्यांसाठी संशोधन परिषद होती आणि मुलांनी लहान वयात शोधनिबंध कसा प्रसिद्ध करावा, यावर मी बोलायचं होतं. मलाच का, तर मालवण तालुक्यातल्या मुलीचा पेपर दुसऱ्या वर्षाला छापून आणणारा मार्गदर्शक म्हणून. आमंत्रण वाचून लाज वाटली, हे खरं. मी ते स्वीकारलं, हेही खरं. मनाशी म्हटलं, या निमित्ताने देवबागला जाऊन प्रणालीला भेटू.

रेल्वेने कुडाळ आणि तिथून एसटीने मालवण. सकाळी बंदराजवळच्या खानावळीत शिरवाळे खाल्ले. तांदळाच्या जाडसर शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. आमच्या कराडकडे शेवया म्हणजे उन्हाळ्यात खाटेवर वाळत घालायच्या आणि गुळवण्याबरोबर खायच्या. इथे त्या साच्यातून गरमागरम पडतात आणि ताटातच संपतात. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "अजून घालू?" नको म्हणेपर्यंत घातल्याही होत्या. समोर पाण्यात किल्ला, त्याच्याकडे जाणाऱ्या होड्या आणि होड्यांत फोटो काढून घेणारी माणसं. मन इतकं प्रसन्न झालं की परिषदेच्या दारात पोचेपर्यंत मी शरमेचं निम्मं विसरलो होतो.

दारातच एक टेबल होतं. कोटातला एक तरुण हसतमुखाने पत्रकं वाटत होता. त्याच्या मागच्या फलकावर लिहिलं होतं, 'बारावीच्या आत शोधनिबंध. हमखास.' हमखास हा शब्द मी यापूर्वी शिकवणीवर्गांच्या आणि मूळव्याधीच्या जाहिरातींत वाचला होता.

मी त्याला विचारलं, "मुलांनी करायचं काय?"

"काहीच नाही सर. विषय आम्ही देतो, आकडे आम्ही देतो, लिहून आम्ही देतो. मुलाने फक्त नाव द्यायचं. परदेशातल्या प्रवेशाला फार उपयोग होतो."

"आणि आकडे कुठून येतात?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "आमची टीम आहे ना," तो म्हणाला.

माझ्या शेजारी एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. मुलगा नववीतला. त्याच्या हातात चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र होतं आणि शोधनिबंधाचा विषय होता कर्करोगाच्या पेशी. मी मुलाला विचारलं, पेशी पाहिल्यास का कधी? तो वडिलांकडे बघू लागला. वडील म्हणाले, "सर, तेचा काय नाय, तो लाजता. तुमी तेचो आनी एक पेपर करून देवा. दहावीच्या आत दोन झाले तर बरा."

शर्ट शिवून मागावा तसा पेपर मागत होते. मला त्या गृहस्थांचा राग आला, मग कोटवाल्याचा आला आणि सगळ्यात जास्त त्या व्यवस्थेचा आला, जिने नववीतल्या पोराच्या हातात त्याला न कळणारं शीर्षक चौकट करून दिलं होतं. त्या पोराने वाळूत एक खेकडा तासभर पाहिला असता तरी ते याहून मोठं संशोधन झालं असतं. पण खेकड्याची चौकट होत नाही, आणि तपासणीला येणारे खेकडा मोजत नाहीत. मी असा मनातल्या मनात तापलो होतो, तेवढ्यात व्यासपीठामागचा पडदा सरकला. तिथे मोठ्या अक्षरांत माझा निबंध झळकत होता. पहिलं नाव माझं.

कोटवाला तरी कर्करोगावर लिहीत होता. त्याच्या आकड्यांनी कुणाचं जाळं बंद पडणार नव्हतं. हे अर्थात मला नंतर सुचलं, कारण तेव्हा जाळ्याचं काय झालं ते मला माहीत नव्हतं.

मी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, अशी भाषणं सगळ्यांनी ऐकलेली असतात. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा दोन वेण्या घातलेली एक मुलगी मागच्या रांगेतून उठली.

"सर, पेपर छापल्यावर आपली चूक सापडली तर काय करायचं?"

सभागृहात हसू उमटलं. आयोजक म्हणाले, "बाळा, आधी छापून तर येऊ दे." मीही हसलो आणि म्हणालो, छान प्रश्न आहे, वेळेअभावी नंतर बोलू. मग मला शाल आणि नारळ दिला. ती मुलगी तशीच उभी होती, कारण तिला बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

देवबाग

दुपारी रिक्षाने देवबागला गेलो. तारकर्ली ओलांडली की रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्हीकडे माडांच्या फटींतून पाणी दिसतं. डावीकडचं खाडीचं पाणी हिरवट आणि निवांत, उजवीकडचं समुद्राचं सारखं काहीतरी मागत असल्यासारखं. इतकी निमुळती जमीन मी कधी पाहिली नव्हती. घाटमाथ्यावरच्या माणसाला पायाखाली जमीन आहे याचा विचार करावा लागत नाही, इथे तो करावा लागतो.

मी सेलिनबाय यांच्या घरी खोली घेतली होती. वयाने साठीच्या आसपास, अंगात फुलांचा झगा, दारात क्रूस, परसात कोंबड्या आणि पाहुण्यांसाठी रंगवलेल्या खोल्या. मी पुण्याहून आलो आणि परिषदेसाठी आलो, एवढंच त्यांना सांगितलं होतं. हात धुऊन बसलो तर पुढे ताट आलं. भात, सोलकढी आणि तिखल्यातले, म्हणजे अंगाबरोबरच्या तिखट रश्श्यातले, बोटभर लांबीचे चंदेरी मासे.

"खावा सर. आज रापणीक गावले. काटे चलतले मां तुमका?"

"कोणता मासा?"

"पेडवे."

ज्या माशाने मला व्यासपीठावर नेऊन बसवलं, तो मी पहिल्यांदा पाहत होतो. मोडला. आत पोटात पिवळसर, दाणेदार काहीतरी होतं. दाताखाली ते कुरकुरलं.

"गाबोळी ती," सेलिनबाय म्हणाल्या. "नशीबवान आसात. गाबोळीचो पेडवो म्हंजे लोणी."

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. दुसरा मोडला, त्यातही होती. पिल्लाच्या पोटात अंडी नसतात. हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो, गेली वीसेक वर्षं शिकवतो. हा पूर्ण वाढलेला, संसाराला लागलेला मासा होता. तो एवढाच असतो. मी त्याला दुसऱ्याच माशाचं पिल्लू ठरवून टाकलं होतं.

सेलिनबाय समोर पाटावर बसून नारळ खवत होत्या. मी गप्प झालो तसं त्यांना वाटलं, काटा लागला. घशात भाताचा गोळा घाला म्हणाल्या आणि मग आपणच बोलत राहिल्या. "पोटभर खावा. फुडच्या थंडीत गावतीत का नाय काय सांगूचा. मासळी खात्याचो साहेब म्हणता रापण बंद ठेवा."

"का?"

"हयसरच्याच एका चेडवाचा नाव आसा. पुण्याक शिकाक गेल्ला. थंयच्या पुस्तकात छापून इला म्हणे, रापणवाले बारकी पिल्लां मारतत. मोठ्या बोटीवाल्यांका तां बरा गावला. तेंनी तो कागद नेवन साहेबाक दाखवल्यानी. बगा, ह्येंच्याच पोरीन लिवल्यान. तेंची ती यंत्राची जाळी समुद्र खरवडतत तां चलता, आनी आमी हातान ओढतो तां पाप. आता सुनावणी आसा. थंडीत रापण नाय तर आमी खावचा काय, वाळू?"

"आणि त्या मुलीचं काय?"

"तेचा काय होतला? लोक बोलतत. बापूस शरमेन रापणीक जायनासो झालो. तां पयलां डबो घेवन मासळी मोजूक येय, आता तेका कोण हात लावूक दीना नाय. तिकडे फिरतीच्या बोटींच्या तिकटी फाडता." त्यांनी नारळाची कवड आपटली. "आनी खरा सांगू? चूक तेची नायच. तेच्या मास्तराची. तेणा फोन करून सांगलेला, पेडव्यांचा चुकला म्हणान. तर मास्तर म्हणालो, पेढे वाट. पेडव्यांचे पेढे केल्यान मेल्यान."

आणि त्या हसल्या. "आता रापणीर पेडवे इले की पोरां वरडतत, पेढे इले, पेढे इले. तेकाच पेढेवाली म्हणतत. माजो नातू पण म्हणता. एकदा तोंडार मारलंय तेच्या."

माझा विनोद माझ्या आधी गावात येऊन पोचला होता आणि इथे राहायला लागला होता.

उठून जावं असं वाटलं. उठलो नाही. म्हणालो, "सेलिनबाय, तो मास्तर मी."

नारळ खवणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातली कवड खाली ठेवली.

"आदी जेवान घेवा," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसाक गाळी घालूक माका जमना नाय."

मी जेवलो. नंतर त्यांनी शिव्या घातल्या. त्या सगळ्या इथे देता येणार नाहीत. एक मात्र लक्षात राहिली आहे. त्या म्हणाल्या, तुमच्यापरीस तो भरतीचो कुर्लो बरो, तो निदान फुडून चावता. कुर्लो म्हणजे खेकडा.

तिकिटाचं टेबल

खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या बाजूला वाळूत छत्र्या लावल्या होत्या आणि प्रत्येक छत्रीखाली एक टेबल होतं. प्रणाली दिसली. तीच ती, फक्त उन्हाने रापलेली. तिच्यासमोर नागपूरचं एक कुटुंब उभं होतं.

"डॉल्फिन नक्की दिसेल ना?" गृहस्थ विचारत होते.

"नक्की काही नाही. दिसला तर दिसला."

"शेजारचे तर नक्की म्हणतात."

"मग त्यांच्याकडून घ्या."

ते शेजारी गेले. मागून बोटमालक ओरडला, "गो बाय, 'दिसतलो' म्हणाक तुजा काय जाता?" ती म्हणाली, "माजा काय जाणा नाय, पण डॉल्फिनाक इचारूक होया." तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं मालवणी पुसलं गेलं.

"सर. तुम्ही इकडे कसे?"

"मालवणला परिषद होती."

"कसली?"

मी सांगितलं. ती हसली. त्या हसण्यात आनंद मुळीच नव्हता. "आणि तुम्ही मुलांना काय सांगितलंत?"

मी तिला त्या दोन वेण्यांच्या मुलीचा प्रश्न सांगितला. तिने हातातलं तिकिटांचं पुस्तक खाली ठेवलं. "मग? काय उत्तर दिलंत?"

"दिलं नाही."

मग मी घाईघाईने, जसं तिला गाठायलाच आलो होतो तसं, सगळं बोलून टाकलं. पेडव्यांची गाबोळी पाहिली, सेलिनबायनी सगळं सांगितलं, माझं चुकलं, सॉरी. निबंध मागे घ्यावा असा मेल जेवल्यावर माडाखाली उभं राहून नियतकालिकाला पाठवला होता, तोही दाखवला. त्याचं उत्तरही येऊन पडलं होतं. छापताना त्यांना उत्तर द्यायला महिना लागला होता, या वेळी तासही लागला नाही. निबंध मागे घेण्याचं वेगळं शुल्क आहे, असं त्यांनी आदरपूर्वक कळवलं होतं.

प्रणालीने ते वाचलं. "म्हणजे चूक करायला पैसे आणि चूक पुसायलाही पैसे."

"ते मी भरतो. निबंध काढून टाकायला लावतो. पहिलं नाव..."

"सर, नावाचं राहू द्या. म्हणजे राहू देऊ नका, पण ते नंतर." ती टेबलाच्या फळीवर बोटाने वाळू सारत होती. "पेपर आला म्हणून मला वाईट वाटलं असं नाही. मला आनंदच झाला असता. आईने खरंच पेढे आणले होते. पण ती जागा मी मला येत नाही म्हणून सोडली नव्हती. माहीत नाही, असं मी तिथे लिहिलं होतं. तुम्हाला ते वाचता आलं नाही."

वीसेक वर्षांत माझ्या विषयावर इतकं स्वच्छ वाक्य मी बोललेलो नाही. आणि ते वाक्य बोलणारी मुलगी छत्रीखाली बसून तिकिटं फाडत होती. मला त्या क्षणी महाविद्यालयाचा, तपासणीचा, प्राचार्यांच्या त्या शून्याचा असा संताप आला की कान तापले. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला 'अजून एक हंगाम' म्हणायचं शहाणपण होतं. ते पुसून तिच्या हातात कागद देणारे आम्ही सगळे पगारी शहाणे होतो. आम्ही पोरांना लवकर लिहायला लावतो याचा मला राग नाही. लवकर पाहायला लागलेल्या पोरांना आम्ही बघू देत नाही, याचा आहे.

"तुझी माफी मागतो," मी म्हणालो.

"हयसर नको." ती आता मालवणीत बोलत होती आणि ते तिच्या लक्षात आलं नसावं. "ह्या टेबलार मागून काय होतला? माका ठावक आसा चूक कोणाची ती. मी सांगान तेंका पटना नाय. थंय रापणीर सांगा. पण नुस्ते जावन उभे रवा नको. आमच्याकडे रीत आसा, दोरीक हात लावल्याबगर वाटो घेवक गावना नाय."

त्यातला टोला मला उशिरा लागला. दोरीला हात न लावता पहिला वाटा कुणी घेतला होता, ते तिला सांगावं लागलं नाही.

रापण

उजाडताना सेलिनबायनी मला किनाऱ्यावर आणून सोडलं. "मास्तराक दोरी धरूची आसा," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाजूला जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ करून परत आली होती. दोन दोऱ्या, दोन रांगा. बाया, पुरुष, म्हातारे, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं. रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडणारे, उंच आणि वाकलेले एक आजोबा होते. त्यांना सगळे आबा म्हणत.

"खयचे?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचे."

"फोटो काडून झाले की बाजूक व्हा."

"ओढायला आलोय."

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मी बूट काढले. पुढच्या बाईंनी जागा केली.

ओढायला लागलो आणि पहिल्या काही पावलांतच कळलं की हे हातांचं काम नाही. टाचा वाळूत रोवायच्या, कंबर मागे टाकायची आणि मागे मागे चालत जायचं. टोकाला पोचलं की दोरी सोडून पुन्हा पाण्याकडे पळत जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. माझे तळहात सोलले. एकदा मी आपटलो, तशी रांग हसली, पण दोरी कुणी थांबवली नाही. "उठा मास्तर, मासळी वाट बघता," मागून कुणी म्हणालं. पलीकडच्या दोरीवर प्रणालीच्या वडिलांची जागा कुठली असेल, ते मी शोधत होतो. सुरूच्या झाडांपाशी प्रणाली उभी होती. शेजारी तिचे वडील असावेत. दोघंही पुढे येत नव्हते.

जाळं आलं. वाळूवर चंदेरी ढीग ओतला गेला आणि कावळे, घारी, कुत्री, गिऱ्हाईकं सगळी एकदम गोळा झाली. ढिगात बहुतेक पेडवेच होते. एक पोरगं ओरडलं, "पेढे इले रे." दुसरी दोन ओरडली. सुरूच्या झाडांपाशी प्रणालीने मान फिरवली.

मी आबांजवळ गेलो. "मला थोडं बोलायचं आहे."

"आदी मासळी हलवया, मगे भाषण."

टोपल्या उचलल्या. मग वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा आणि दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाचा. आमच्याकडे जत्रेत मटणाचे वाटे पडतात, तिथे पाटलाचा वाटा आधी बाजूला काढतात. इथे आबा स्वतः वाळूत उकिडवे बसून सारखे ढीग करत होते आणि कुणाचा कुठला ते शेवटी ठरत होतं. एक ढीग त्यांनी माझ्याकडे सरकवला. "दोरीक हात लावलास. घेवा. आता बोला काय तां."

माणसं पांगायला लागली होती. मी सुरुवात केली, "सदर शोधनिबंधामध्ये काही त्रुटी राहून गेल्या असून..."

"माका कायेक कळाक नाय," आबा म्हणाले.

"सरळ सांगा सर," सेलिनबाय मागून म्हणाल्या. "काल जेवताना कसा सांगलास, तसा."

मी सरळ सांगितलं. की प्रणालीच्या नावाने जे छापून आलं ते मी लिहिलं. की पेडवे ही कुणाची पिल्लं नव्हेत, आणि पिल्लं असं तिने कुठेही लिहिलं नव्हतं. की तिने ती जागा मोकळी ठेवली होती, ती मी तिला न विचारता भरली. की तिने फोन करून चूक सांगितली, तर मी पेढे वाट म्हणालो. कुणी हसलं नाही. ओरडलेलं पोरगं आईच्या मागे गेलं.

"साहेबाफुडे सांगशात?" आबांनी विचारलं.

"सांगेन. सुनावणीला येईन आणि उभा राहून सांगेन. पण आधी तुमच्यासमोर."

आबांनी एक पेडवा उचलून तळहातावर ठेवला. "बरा. पिल्लां नव्हत, तां आमका ठावक आसा. मगे तुमच्या शास्त्रात ह्येका म्हणतत काय?"

प्रणाली सुरूच्या झाडांपासून निघून ढिगापर्यंत आली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"मला माहीत नाही आबा. तिलाही अजून नक्की माहीत नाही, आणि तिने तसंच लिहिलं होतं. तेच बरोबर होतं. तिला मोजू द्या." मग तिच्याकडे वळून, जे माडाखाली आणि तिकिटाच्या टेबलावर मी घाईत उरकून टाकायला निघालो होतो, ते सगळ्यांसमोर म्हणालो, "प्रणाली, तुझं काम होतं, त्याचा वाटा मी दोरीला हात न लावता घेतला. तू चूक सांगितलीस तेव्हा मी तुझी थट्टा केली. माझं चुकलं. मला माफ कर."